लिलावातला मॉलमधला गाळा स्वस्त दिसतोय, पण मॉल टिकणार आहे का?

चौफुला

मंडळी, बँकांच्या लिलावाच्या नोटिसा चाळल्या तर मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या मॉलांमधले गाळे सतत दिसतात. राखीव किंमत बाजूच्याच रस्त्यावरच्या दुकानाच्या निम्मी, कधी त्याहूनही कमी. गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून तोच गाळा तीन-तीनदा लिलावात येतो.

उलट बाजूही आहे. वाकडला फिनिक्सचा मॉल ऑफ द मिलेनियम सप्टेंबर २०२३मध्ये उघडला आणि रविवारी तिथे गाडी लावायला रांग. म्हणजे लोकांचं मॉलमध्ये जाणं थांबलंय असं म्हणता येत नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या अहवालात ४० टक्क्यांहून जास्त जागा रिकामी असलेल्या केंद्रांना 'घोस्ट' म्हटलंय. आठ मोठ्या शहरांत अशी २०२२मध्ये ५७ होती, २०२३मध्ये ६४ झाली.

एकाच शहरात एक मॉल ओसंडतो आणि चार किलोमीटरवरचा ओस पडतो, हे कशाने होतं? आणि ज्याला असा गाळा घ्यायचाच आहे त्याने काय तपासावं? जाणकारांनी लिहावं. 'ऑनलाइनमुळे सगळं बुडालं' एवढंच लिहायचं असेल तर कृपया राहू द्या, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज येतं.

---

शटरडाऊन

पहिला प्रश्न एकच विचारायचा: हा मॉल *भाड्याने दिलेला* आहे की *विकलेला*?

फिनिक्स, इनॉर्बिट, ओबेरॉय, नेक्सस यांचे मॉल भाड्याने दिलेले आहेत. मालक एक, दुकानदार सगळे भाडेकरू. कुठल्या मजल्यावर काय असावं हे एकच डोकं ठरवतं. भाडं साधारण 'किमान हमी किंवा विक्रीचा हिस्सा, यातलं जे जास्त ते' या पद्धतीने असतं. दुकान चाललं तर मालकाचंही उत्पन्न वाढतं, त्यामुळे न चालणारं दुकान लॉक-इन (करारात बांधून घेतलेली किमान मुदत) संपलं की तो बदलतो. दर सात-आठ वर्षांनी फरशी, छत, स्वच्छतागृहं, फूड कोर्ट नवं करायला पैसा घालतो.

२००३ ते २०१० या काळातल्या बऱ्याच बिल्डरांकडे एवढं थांबायला भांडवल नव्हतं. त्यांनी मॉलचे दीडशे-दोनशे चौरस फुटांचे तुकडे पाडून विकले आणि बाहेर पडले. आता तीनशे-चारशे मालक. त्यातले निम्मे परगावी, काही परदेशी, काही वारले आणि वारसांचं नाव लागलेलं नाही. शेजारच्या गाळ्यात कोणी मोबाइलची कव्हरं विकतो, कोणी पासपोर्टचे फोटो काढतो, चार गाळ्यांना कुलूप. एखादा मोठा कपड्यांचा ब्रँड आला तर त्याला सलग आठ हजार चौरस फूट हवेत. म्हणजे चाळीसेक मालकांच्या सह्या. त्यातल्या तिघांनी 'माझा गाळा कोपऱ्याचा आहे, मला जास्त भाडं' म्हटलं की ब्रँड दुसरीकडे जातो.

यात अँकरचं गणित समजून घ्या. अँकर म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर, सुपरमार्केट, मल्टिप्लेक्स. हे दर चौरस फुटाला सगळ्यांत कमी भाडं देतात, पण गर्दी तेच आणतात. म्हणून त्यांना दोन टोकांना नाहीतर सगळ्यांत वर ठेवतात, मधल्या वाटेत लहान दुकानं. लहान दुकानदार जे चढं भाडं देतो ते या वाटेवरच्या पावलांचं. विकलेल्या मॉलमध्ये अँकरचं स्वस्त भाडं कोणाच्या खिशातून भरायचं? ज्याच्या गाळ्यात अँकर बसणार त्या मालकाने तोटा का सोसावा? यावर उत्तर नसतं, म्हणून बहुतेक ठिकाणी अँकर टिकत नाही. त्यात फ्युचर ग्रुप बुडाला, तेव्हा बिग बझार, सेंट्रल, ब्रँड फॅक्टरी असे एकाच घरचे अँकर असलेल्या मॉलांना एकदम भगदाड पडलं. फेब्रुवारी २०२२मध्ये रिलायन्सने त्यातली बरीच दुकानं ताब्यात घेतली, पण वाट लागलेल्या मॉलमधली कशाला घेईल?

'खात्रीशीर परतावा' हा प्रकारही लक्षात ठेवा. ६० लाखांचा गाळा, तीन वर्षं १२ टक्के, म्हणजे महिना ६०,००० रुपये. घेणारा खूश. खरं भाडं त्या जागेला २५,००० असतं. तीन वर्षांत बिल्डर २१ लाख ६० हजार देतो, आणि ते आधीच किंमत फुगवून तुमच्याकडूनच घेतलेले असतात. चौथ्या वर्षी खरं भाडं समोर येतं आणि हप्ता मात्र ६० लाखांच्या हिशेबाने चालू. लिलावातले बरेच गाळे या वाटेने आलेत.

---

हुतात्मा_चौक

शटरडाऊन, पटलं, पण पूर्ण नाही. हाजी अलीचंच उदाहरण घ्या. क्रॉसरोड्स १९९९मध्ये पिरामल समूहाने उघडलं, मालक एक, थाट एवढा की सुरुवातीला आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे. पुढे ते फ्युचर समूहाकडे गेलं, सोबो सेंट्रल झालं आणि शेवटी ओस पडलं. जवळच हिरा पन्ना, इवल्याइवल्या गाळ्यांचं, कित्येक मालकांचं. ते अजून तग धरून आहे. मग 'एक मालक तरतो, अनेक मालक बुडतात' हा नियम कुठे राहिला?

---

शटरडाऊन

रास्त मुद्दा. मला वाटतं हिरा पन्ना मॉल नाहीच, ती एका मालाची पेठ आहे. घड्याळं, अत्तरं, परदेशी सौंदर्यप्रसाधनं, मोबाइलचं सामान. गिऱ्हाईक घरून निघतानाच ठरवून येतं, दहा दुकानांत भाव विचारतं, अकराव्यात घेतं. तिथे शेजारी तोच माल विकणारा असणं फायद्याचं. लॅमिंग्टन रोडचं किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या इमारतींचं असंच. अशा ठिकाणी अँकर लागत नाही, सामायिक खर्च कमी, आणि गाळेवाला स्वतःच गल्ल्यावर बसलेला. भाडेकरू मिळाला नाही म्हणून गाळा बंद ठेवायची वेळ कमी येते.

मॉल म्हणून बांधलेली, मधोमध चार मजली मोकळं चौक, केंद्रीय वातानुकूलन, सरकते जिने, आणि मालकी मात्र पेठेसारखी फुटलेली, ही जोडी जमत नाही. खर्च मॉलचा आणि उत्पन्न पेठेचं.

क्रॉसरोड्सबद्दल: एक मालक असणं पुरेसं असतं असं मी म्हटलेलं नाही. लोअर परळला मिलच्या जमिनीवर फिनिक्सने टप्प्याटप्प्याने कितीतरी मोठी जागा उभी केली आणि दक्षिण मुंबईचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. लहान मॉलला मोठा शेजारी आला की त्याला पहिल्या दोन वर्षांत स्वतःचा बाज बदलावा लागतो. तिथे डिपार्टमेंट स्टोअरवरच भिस्त ठेवली गेली.

---

यंत्रशाळा

खर्चाच्या बाजूवर लिहितो, कारण मॉल मरतो तो आधी तळघरात आणि गच्चीवर मरतो, दुकानांत नंतर दिसतं.

समजा मॉलचं आकारणीयोग्य क्षेत्रफळ ३ लाख चौरस फूट आहे आणि सामायिक देखभालीचा, म्हणजे कॅमचा, महिन्याचा खर्च ५४ लाख. सगळे भरत असतील तर चौरस फुटाला १८ रुपये. ४० टक्के गाळेधारकांनी भरणं थांबवलं की उरलेल्या १ लाख ८० हजार चौरस फुटांवर तोच खर्च पडतो: ३० रुपये. खर्च का कमी होत नाही? सुरक्षारक्षक, मधल्या चौकाचे दिवे, लिफ्टचा वार्षिक करार, विमा, यातलं काहीच रिकाम्या गाळ्यांच्या प्रमाणात घटत नाही.

एका लहान गाळ्याचा हिशेब करा. कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, १८० चौरस फूट, आकारणी ३२० वर (जुन्या मॉलांत कार्पेट ५५-६० टक्केच भरतं, उरलेले पैसे वाटेचे). १८ रुपयांनी ५,७६० आणि १८ टक्के जीएसटी धरून सुमारे ६,८००. ३० रुपयांनी ९,६०० आणि जीएसटीसह ११,३२८. दुसऱ्या मजल्यावर क्लासवाला भाडं देतो ९,०००. म्हणजे गाळा भाड्याने देऊनही मालकाला खिशातून भरावं लागतं. तो पुढच्या महिन्यापासून भरत नाही, दर आणखी चढतो.

वातानुकूलन हा सगळ्यांत मोठा खड्डा. मोठा सेंट्रिफ्यूगल चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र, त्याच्या क्षमतेच्या २५-३० टक्क्यांखाली चालवला की सर्ज होतो: वायू उलटा ढकलला जातो, यंत्र घुसळल्यासारखा आवाज करतं, बेअरिंगवर ताण येतो. अर्धा मॉल रिकामा असला तरी मधला चौक, काचेचं छत आणि मुख्य दार यांची उष्णता तेवढीच राहते. त्यामुळे चिलर पूर्ण बंदही करता येत नाही आणि नीट भरही मिळत नाही. नियोजन बरं असतं तिथे एक लहान स्क्रू चिलर वेगळा ठेवलेला असतो, कमी भाराच्या वेळेसाठी. विकलेल्या मॉलांत तो क्वचित दिसतो, कारण बांधणाऱ्याला वीजबिल भरायचंच नव्हतं.

वीजबिलाचं दुसरं दुखणं: उच्चदाब जोडणीला करारातल्या मागणीच्या (वीज कंपनीकडून मंजूर करून घेतलेल्या कमाल भाराच्या) ठरावीक टक्क्यांवर मागणी आकार लागतोच, वापरा की न वापरा. मॉल रिकामा झाला की पहिलं काम करार मागणी कमी करून घेण्याचं. त्यासाठी अर्ज, थकबाकी शून्य आणि सोसायटीचा ठराव लागतो. थकबाकी आहे म्हणून मागणी कमी होत नाही, मागणी कमी होत नाही म्हणून थकबाकी वाढते.

मग बचत सुरू होते. आधी वरच्या मजल्याचे सरकते जिने बंद. जिना बंद झाला की दुसरा मजला गिऱ्हाइकाच्या दृष्टीने संपला, कारण थांबलेला सरकता जिना चढायला साध्या जिन्याहून जड जातो, पायऱ्या उंच असतात. मग एसी दुपारी बारानंतर. मग प्रसाधनगृहातले पंखे बंद. सहा महिन्यांत आत शिरल्याशिरल्या कुबट वास येतो, तो बंद डक्टमधल्या बुरशीचा.

तिथे जाल तेव्हा खोट्या छताकडे वर बघा. स्प्रिंकलरच्या डोक्यात लाल काचेची नळी असते, ती ६८ अंशांना फुटते. स्वयंपाकघरात हिरवी, ९३ अंशांची. गाळेवाल्याने नवं छत टाकून स्प्रिंकलर वर झाकून टाकलाय का, नळीवर रंग फासलाय का, हे साध्या डोळ्यांना दिसतं. हायड्रंटजवळच्या (आग विझवायच्या पाण्याच्या नळाजवळच्या) दाबमापकाचा काटा शून्यावर असेल तर पुढचं काही विचारू नका, परत फिरा. सगळ्यांत वरच्या हायड्रंटला किमान साडेतीन किलो दाब हवा. राज्याच्या २००६च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक एजन्सीकडून दर वर्षी जानेवारी आणि जुलैत 'नमुना ब', म्हणजे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. गेल्या दोन वर्षांचे चारही मागा. ऑक्टोबर २०२०ला मुंबई सेंट्रलजवळच्या सिटी सेंटर मॉलची आग विझवायला दोन दिवसांहून जास्त लागले. मोबाइल दुकानांचा मॉल, आत बॅटऱ्या आणि प्लॅस्टिक खच्चून.

---

चौफुला

यंत्रशाळा काका, दंडवत. ११,३२८ विरुद्ध ९,०००, हा हिशेब लिलावाच्या नोटिशीत छापायला हवा.

---

खडूस_ऑडिटर

लिलावाच्या बाजूने लिहितो. सरफेसी कायद्याखालच्या (थकलेल्या कर्जापोटी बँकेने तारण विकण्याचा कायदा) विक्रीत साधारण असं असतं. १० टक्के अनामत आधी. बोली मान्य झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी अनामत धरून २५ टक्के. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत दोघांच्या लेखी संमतीने वाढते, तीही तीन महिन्यांपर्यंतच. चुकलं की भरलेले पैसे जप्त. जुन्या मॉलमधल्या गाळ्यावर दुसरी बँक कर्ज द्यायला काकू करते, हे बोली लावल्यावर कळलं तर पंधरा दिवस फार लवकर संपतात. कर्जाची तत्त्वतः मंजुरी आधी घ्या, आणि मंजुरीपत्रात त्या *मॉलचं* नाव असू द्या.

नोटिशीत 'जसं आहे, जिथे आहे' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, विजेची बाकी हे तुम्ही बघून घ्या. जुन्या मालकाचं वीजबिल नव्या मालकाकडून मागता येत नाही असा गोड समज आहे. नियमांत तरतूद असेल तर वीज कंपनी नवी जोडणी देताना ते मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये म्हटलंय.

ताबा 'प्रत्यक्ष' आहे की 'प्रतीकात्मक' हा शब्द शोधा. प्रतीकात्मक असेल तर आत कोणीतरी बसलेलं असण्याची शक्यता धरा.

त्याहून सूक्ष्म गोष्ट: गाळा *सापडतो* का? नकाशावर क्रमांक ११२ असतो, जागेवर मधल्या भिंती पाडून ९८ ते १३१ एकत्र करून एका कपडेवाल्याला दिलेले असतात. तुमच्या वाट्याला भाड्याचा हिस्सा येतो, पण गाळ्याला शटर नाही, स्वतंत्र मीटर नाही. तो कपडेवाला गेला की भिंत परत बांधायचा खर्च कोणाचा, हे मूळ करारात बघा. मंजूर नकाशा घेऊन जा आणि खांबापासून टेपने मोजा.

संस्था कोणत्या प्रकारची हेही विचारा. सहकारी संस्था असेल तर एका सभासदाला एक मत, गाळा १५० फुटांचा असो की १५,०००चा. १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखालचं कॉन्डोमिनियम असेल तर मत हिश्श्याच्या टक्क्यांवर. पहिल्या प्रकारात लहान गाळेवाले मिळून सुधारणेचा ठराव पाडू शकतात. दुसऱ्यात वरच्या मजल्यांवर ठाण मांडून बसलेला बिल्डर एकटाच सगळ्यांना नाचवतो. कुठलं वाईट ते तुम्हीच ठरवा. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीची) शिल्लक मागा. ताळेबंदच झाले नसतील तर तेच उत्तर.

खर्चात धरायचं: मुद्रांक मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ (बहिणीच्या नावावर घेऊन एक टक्का वाचवू म्हणणाऱ्यांसाठी: ती सवलत निवासी जागेला आहे, दुकानाला नाही). किंमत ५० लाख किंवा वर असेल तर एक टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. भाड्यावर जीएसटी १८ टक्के. मालक नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू असेल, तर १० ऑक्टोबर २०२४पासून तो भाडेकरूने स्वतः भरायचा. कंपोझिशनवाल्या (उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरणाऱ्या) दुकानदाराला यातून वगळलंय.

मॉलवर पैसे लावायचेच असतील आणि गाळ्याची कटकट नको असेल, तर रीट, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींचे शेअर बाजारात मिळणारे हिस्से, हा मार्ग आहे. नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट मे २०२३मध्ये १७ मॉल घेऊन बाजारात आला, भारतातला पहिला निव्वळ रिटेल रीट. वाटपायोग्य रोकड निदान ९० टक्के वाटावीच लागते. ही शिफारस नव्हे. पण चाळीस लाखांच्या गाळ्यापेक्षा तो विकणं सोपं आहे, एवढं तरी.

---

नीलिमा_क

डिपार्टमेंट स्टोअरबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान अंधेरीला १९९१चं. तेव्हा ब्रँडांची स्वतःची दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सगळे एका छताखाली बघायला मिळणं हीच नवलाई. आता तेच ब्रँड त्याच मॉलमध्ये चार दुकानं सोडून स्वतःचं दालन उघडतात, वेगळ्या अ‍ॅपवरही विकतात. मग डिपार्टमेंट स्टोअरच्या रॅकवर काय उरतं?

माल तीन प्रकारे येतो. रोखीने विकत घेतलेला: नफा जास्त, न खपलेला माल गळ्यात. 'विका नाहीतर परत करा': धोका ब्रँडचा, दुकानाचा वाटा विक्रीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आणि दुकानातलं दुकान, म्हणजे जागा यांची, माल आणि विक्रेती मुलगी ब्रँडची. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात कुठले साइज ठेवायचे, सवलत कधी द्यायची हे ब्रँड ठरवतो. एम आणि एल पहिल्या तीन आठवड्यांत संपतात, ब्रँड ताजा माल आधी स्वतःच्या दालनाला पाठवतो, आणि इथे रॅकवर एस आणि डबल एक्सएल लटकत राहतात. गिऱ्हाईक म्हणतं 'इथे काही मिळत नाही'. जुलै आणि जानेवारीतल्या सेलला गर्दी होते, पण तेव्हा वाटाही आक्रसतो.

ज्यांनी स्वतःचाच माल ठेवला ते सुटले. टाटांच्या ट्रेंटचं वेस्टसाइड १९९८पासून जवळजवळ पूर्ण स्वतःच्या लेबलवर. त्यांचंच झुडिओ २०१६ला सुरू झालं: ९९९च्या आत सगळं, जाहिरात नाही, ऑनलाइन नाही. मार्च २०२५अखेर झुडिओची ७६५ दुकानं होती. हे सगळं मॉलवाल्यांना दुखतं, कारण झुडिओला मॉल *लागत* नाही. रस्त्यावरची सात-आठ हजार फुटांची जागा, पुढे पार्किंगची सोय, झालं. आता तर तालुक्याच्या गावातही दिसतं. शॉपर्स स्टॉपलाही २०२३मध्ये इन्ट्यून नावाने त्याच वाटेने जावं लागलं.

करानेही मध्ये हात घातलाय. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यांना ५ टक्के जीएसटी, त्यावर १८. आधी हजारपर्यंत ५ आणि वर १२ होता. मधल्या भावाच्या शर्टाला दिलासा, पण ब्लेझर, लग्नाचे कपडे, महागडे ब्रँड, म्हणजे नेमका डिपार्टमेंट स्टोअरचा वरचा मजला, महाग झाला.

अवांतर: काळाघोड्याच्या आर्मी अँड नेव्ही इमारतीत एके काळी साहेबांचं डिपार्टमेंट स्टोअर होतं, पुढे तिथेच वेस्टसाइड आलं. इमारती या धंद्यापेक्षा चिवट असतात.

---

एडिसनकर

नीलिमाताई, इकडे अमेरिकेत, न्यू जर्सीत, डिपार्टमेंट स्टोअरांच्या त्याच आजाराचा पुढचा टप्पा चालू आहे. सीअर्स ऑक्टोबर २०१८ला दिवाळखोरीत गेलं. मेसीजने फेब्रुवारी २०२४ला दीडशे दुकानं २०२६पर्यंत बंद करायचं जाहीर केलं. शेजारी कॅनडात १६७० सालापासूनच्या हडसन्स बे कंपनीची उरलीसुरली दुकानं १ जून २०२५ला बंद झाली.

इथल्या करारांतलं एक कलम तिकडच्या लोकांनी समजून घेण्यासारखं आहे. को-टेनन्सी. लहान दुकानदार करारात लिहून घेतो की अमुक अँकर चालू नसेल, किंवा मॉल ठरावीक टक्क्यांखाली भरलेला असेल, तर मी पूर्ण भाडं देणार नाही, फक्त विक्रीचा हिस्सा देईन. आणि ठरावीक महिन्यांत अँकर नाही आला तर मी निघून जाईन. त्यामुळे एक अँकर गेला की दहा-वीस दुकानांचं भाडं एकाच दिवशी पडतं. मॉलवर कर्ज असतं, हप्ता तोच. २०२०मध्ये जेसी पेनी दिवाळखोरीत गेलं तेव्हा सायमन आणि ब्रुकफिल्ड या मॉलमालकांनीच मिळून ते विकत घेतलं. दुकान चालवायची हौस म्हणून नव्हे; ते बंद पडलं असतं तर बाकीच्यांच्या भाड्याला गळती लागली असती.

इथे शिवाय बरेच अँकर आपल्या इमारतीचे आणि जमिनीचे स्वतः मालक असतात, त्यामुळे मॉल पाडून घरं बांधायची तरी त्यांची सही लागते. म्हणजे तुमच्याकडची 'अनेक मालकां'ची अडचण, फक्त मालक मोठे.

मात्र अमेरिकेची भाकितं जशीच्या तशी लावू नका. इथे माणशी वीस चौरस फुटांच्या वर दुकानाची जागा आहे, तिकडे एकही पुरती नाही. इथे छाटणी चालू आहे, तिकडे अजून पेरणी.

---

शटरडाऊन

को-टेनन्सी आता आपल्याकडेही मोठे परदेशी ब्रँड मागतात. लहान गाळेवाल्याला ती मिळत नाही. पण भाडेकरू म्हणून जात असाल तर निदान 'मल्टिप्लेक्स बंद पडलं तर लॉक-इन संपुष्टात' एवढं कलम मागून बघा. पीव्हीआर-आयनॉक्सने मे २०२३मध्ये ५० पडदे बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा दिलेलं कारणच हे की त्यातले बरेच पडदे सुधारणेची आशा नसलेल्या मॉलांत आहेत.

---

ओसरी

मेलेल्या मॉलचं काय करता येतं यावर थोडं. ऑफिस करू, हॉस्पिटल करू, असं सगळे सहज म्हणतात.

जमेच्या बाजूला: मजल्यांची उंची चांगली, खांबांमधलं अंतर बहुधा ८.४ मीटर (खाली दोन खांबांत तीन गाड्या बसाव्यात म्हणून), आणि दुकानाची लादी चौरस मीटरला ४ किलोन्यूटनवर काढलेली असते, ऑफिसला तेवढी पुरते. व्यायामशाळेला ५ लागतात. उंच रॅकच्या गोदामाला त्याहूनही जास्त, म्हणून दुसऱ्या मजल्यावर गोदाम टाकायच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत हवं.

अडचणी दोन, उजेड आणि पाणी. मॉलची लादी साठ-सत्तर मीटर खोल आणि बाहेरची भिंत बंद. खिडकीपासून आठ-नऊ मीटरनंतर दिवसाचा उजेड पोचत नाही, म्हणजे मधला भाग गुहा. मधला चौक वरून उघडा केला तर काही जागा वाचते. पाण्याचं असं की संडास-मोरीचे शाफ्ट एक-दोनच कोपऱ्यांत असतात आणि लादी खोलगट नसते. १०० मिमीच्या मैलापाइपला साठास एक उतार धरला तर बारा मीटर लांब न्यायला २०० मिमी उंची खर्ची पडते. तेवढी फरशी उचला, नाहीतर खालच्या गाळ्याच्या छतातून पाइप न्या. खालचा मालक वेगळा असतो, तो कशाला परवानगी देईल? उपाहारगृहाचंही हेच, त्यात ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल अडवणारी टाकी), धुराची चिमणी गच्चीपर्यंत आणि कपड्यांच्या दुकानाच्या दुप्पट-अडीचपट वीजभार.

म्हणून विकलेल्या मॉलांत टिकतात ते क्लास, जिम, छोटे कॉल सेंटर, तळमजल्याला बँक आणि पाठीमागून दुचाकींना वाट असेल तर क्विक कॉमर्सचं डार्क स्टोअर (गिऱ्हाइकाला प्रवेश नसलेलं, फक्त घरपोच मालाचं कोठार). शेवटचे भाडं बरं देतात, पण चोवीस तास ये-जा, आणि समोरचं शटर कायम बंद. मॉलच्या दर्शनी बाजूचा जीव जातो.

---

हुतात्मा_चौक

आणि हॉस्पिटल? भांडुपला ते केलंच होतं की.

---

ओसरी

तेच उदाहरण देणार होतो. ड्रीम्स मॉल, हजारभर गाळे, बहुतेक विकलेले, कारभार प्रशासकाकडे. वर कोविडचं रुग्णालय. मार्च २०२१मध्ये मॉलमध्ये लागलेल्या आगीचा धूर वर चढला. वापर बदलला की सुटकेच्या वाटा, धुराचा निचरा, जिन्यांची रुंदी सगळं नव्याने तपासायला हवं. चालत बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आखलेला जिना स्ट्रेचरला चालत नाही. खालचे मजले कोणाच्या ताब्यात नसलेल्या इमारतीत वर रुग्ण ठेवू नयेत, याला तांत्रिक तोड नाही.

---

चौफुला

सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली. शेवटचं: प्रत्यक्ष जाऊन बघायचं तर कधी, आणि काय?

---

शटरडाऊन

मंगळवार किंवा बुधवार, दुपारी चार ते साडेपाच. शनिवारी मेलेला मॉलही जिवंत वाटतो. तुमच्या गाळ्यासमोर उभं राहून अर्ध्या तासात किती जण गेले आणि किती जणांच्या हातात पिशवी होती ते वेगवेगळं मोजा. पिशवी न घेता जाणारे बहुतेक एसीसाठी नाहीतर पलीकडच्या रस्त्याला शॉर्टकट म्हणून आलेले असतात. मग मीटर रूममध्ये जा, धूळ बसलेली मीटरं मोजा. रिकाम्या गाळ्यांचा खरा आकडा तिथेच मिळतो, दलालाकडे नाही. अँकरच्या लॉक-इनचे किती महिने उरलेत ते व्यवस्थापकाला विचारा. सांगायला नको म्हणाला तर बाराहून कमी धरा.

---

यंत्रशाळा

एक जोड: जमलं तर हीच फेरी जुलैत करा आणि तळघराच्या दुसऱ्या पातळीपर्यंत उतरा. तिथल्या पाणी जमा होणाऱ्या खड्ड्याला (संप) दोन पंप हवेत, एक चालू एक राखीव, आणि दोन्हींना जनरेटरची वीज. पार्किंगच्या भिंतीवर गुडघाभर उंचीला मातीची रेघ दिसली तर पंप बंद पडून पाणी किती चढलं होतं ते कळतं. अशा ठिकाणी एचटी (उच्चदाब विजेचं) पॅनेल तळघरात आहे की वर हलवलंय, तेवढं बघून मगच वर या.